कॅरिबूची वाट आणि आराखड्याची रेषा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅरिबूचे (उत्तर अमेरिकेतल्या रेनडियरचे) कळप वर्षभरात शेकडो किलोमीटर फिरतात आणि दरवर्षी तीच वाट धरतील याचा भरवसा नाही. मग नकाशावर कायमची रेषा मारणाऱ्या जमीन-वापर आराखड्याने त्यांचा अधिवास आणि स्थलांतराच्या वाटा राखल्या जाणार कशा? त्यापेक्षा सरळ राष्ट्रीय उद्यान का करत नाहीत? तुम्ही नगर नियोजन शिकताय, त्यामुळे विकास आराखडा, आरक्षणं, हरकती-सूचना हे सगळं ओळखीचं आहे असं धरून लिहितो. मी कॅनडाच्या उत्तरेत याच कामात आहे, म्हणून उदाहरणंही तिथलीच.

आधी उत्तर. कळप फिरता असला तरी तो जिथे अडतो, जिथे हळवा होतो, त्या जागा त्या मानाने ठरलेल्या असतात. पाडसं जन्मतात तो मुलूख आणि नदी-तलाव ओलांडायचे उतार, या दोन ठिकाणी आराखड्याने बारमाही ‘नाही’ म्हणायचं. उरलेल्या मुलखात हंगामाप्रमाणे नियम करायचे. आणि या सगळ्यावर एक एकत्रित मर्यादा ठेवायची: रस्ते, खाणी, तळ मिळून किती जमीन विस्कटली की थांबायचं. हे पहिला अर्ज टेबलावर येण्याआधी ठरलेलं पाहिजे. अर्ज आला, कंपनीचे पैसे गुंतले, गावातल्या पोरांना नोकरीचा शब्द मिळाला, की मग ‘नाही’ म्हणणं कुणाच्याच हातात राहत नाही. अधिकारी फक्त अटी वाढवत जातात.

आता तिथल्या जमिनीबद्दल. टुंड्रावर, म्हणजे जंगलाच्या उत्तरेच्या त्या बिनझाडांच्या थंड माळावर, सातबारा नाही. बहुतेक जमीन सरकारची आहे आणि काही मोठे पट्टे करारांमुळे इनुइट, त्लिचो, ग्विचिन अशा मूळ रहिवाशांच्या मालकीचे. नियोजनाचे अधिकारही याच करारांतून आले आहेत. इनुइटांच्या नुनावूत प्रदेशाचा करार 1993 चा, पश्चिमेला नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशात त्लिचोंचा 2005 मध्ये अमलात आला. ग्विचिनांचा आराखडा 2003 पासून लागू आहे, साहतू भागाचा 2013 पासून. मंजूर आराखड्याला ताकद मिळते ती एका साध्या तरतुदीने: आराखड्याशी न जुळणाऱ्या कामाला परवाना देता येत नाही. नुनावूतमध्ये अर्ज आधी नियोजन आयोगाकडे जातो. तिथे तो जुळला तरच पर्यावरणीय परिणामांची छाननी सुरू होते. म्हणजे ‘हे काम इथे मुळात चालेल का’ हा प्रश्न ‘हे काम नीट कसं करायचं’च्या आधी विचारला जातो. आपल्याकडच्या जनसुनावण्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना या क्रमाची किंमत वेगळी सांगायला नको.

रेषा कुठे मारायची हे जनावराच्या वर्षावरून ठरतं. गाभण माद्या वसंतात जंगलाची कड सोडून उत्तरेला निघतात. नर मागे रेंगाळतात, त्यांना घाई नसते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, काही दिवसांच्या आतच, बहुतेक पाडसं जन्मतात. इतक्या लांब उघड्या माळावर का जायचं? लांडग्यांची बिळं बरीचशी जंगलाच्या कडेजवळ असतात. पिल्लं सोडून लांडगे तिथवर फारसे येत नाहीत. शिवाय हजारो पाडसं एकदमच जन्मली की शिकारी खाऊन खाऊन किती खाणार. बर्फ वितळताच कापूसगवताचे कोंब आणि नवी पानं येतात. मादी तेव्हा वर्षातली सर्वांत रोड असते आणि अंगावर दूध असतं. जे हेलिकॉप्टर नराच्या गावीही नसतं, त्याच्या आवाजाने दोन दिवसांचं पाडस घेऊन ती उठते आणि चालू लागते.

जुलै आणखी वाईट. आधी डास, मग केसांवर अंडी घालणाऱ्या माश्या, ज्यांच्या अळ्या कातडीत शिरतात. कळप एकवटतात, वारा असेल त्या उंचवट्यावर, उरल्यासुरल्या बर्फावर जाऊन उभे राहतात आणि चरणं थांबतं. त्यात भर म्हणून आपण रस्ता आडवा घातला तर चरण्याचे आणखी तास जातात. जुलैत अंगावर चरबी चढली नाही तर मादी त्या शरदात गाभण राहत नाही. नुकसान दिसतं ते पुढच्या जूनमध्ये, आणि तेव्हा कुणी रस्त्याचं नाव घेत नाही. हिवाळा बरेच कळप जंगलात काढतात, बर्फ उकरून लायकेन खातात. आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, पण कॅरिबूचं लायकेन जमिनीवर गालिच्यासारखं पसरतं आणि एकदा वणव्यात जळलं की परत दाट व्हायला काही दशकं लागतात.

आता उद्यानाबद्दल. उद्यानं आहेतच. ब्लूनोज-वेस्ट कळपाच्या जन्मभूमीसाठी 1990 च्या दशकात टुक्टुट नोगाइत राष्ट्रीय उद्यान झालं, आणि ते झालं हे उत्तमच. पण तोच कळप 1992 मध्ये लाखाच्या वर होता आणि 2006 पर्यंत वीस हजारांच्या आसपास आला. उद्यान चुकलं असा याचा अर्थ काढू नका. वर्षातले काही आठवडेच कळप तिथे असतो, एवढाच अर्थ आहे. दुसरी अडचण अशी की जन्मभूमीही पिढ्यांच्या हिशेबात सरकते. बॅथर्स्ट कळपाच्या माद्या पूर्वी बॅथर्स्ट खाडीच्या पूर्वेला वियायच्या, 1990 च्या दशकाच्या मध्यानंतर पश्चिमेला जाऊ लागल्या. बेव्हर्ली कळपाच्या माद्या आतल्या तलावांचा जुना मुलूख सोडून उत्तरेच्या किनाऱ्याकडे दिसू लागल्या. माझा आग्रह असतो तो यासाठी: जन्मभूमीची रेषा गेल्या पाच-दहा वर्षांच्या कॉलरच्या (माद्यांच्या गळ्यातल्या, जागा कळवणाऱ्या पट्ट्यांच्या) ठिपक्यांवरून मारायची नाही. जुनी हवाई सर्वेक्षणं, म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि ठिपके, तिन्ही एकावर एक ठेवून जो मोठा आकार मिळेल तो धरायचा. कंपन्यांचे सल्लागार नेहमी अलीकडचा, छोटा आकार पुढे करतात. कळप लहान झाला की त्याने व्यापलेली जागाही लहान होते. तेवढीच राखली तर कळपाला वाढायला जागाच उरत नाही.

मला वाटतं, उतारांचं महत्त्व सगळ्यांत उशिरा पटतं ते नकाशावाल्यांना, कारण नकाशावर ते दिसतच नाहीत. तलाव जिथे चिंचोळा होतो, नदी जिथे दोन वळणांमध्ये संथ होते, तिथे काठाच्या मुरमात खुरांनी कोरलेल्या वाटा असतात. एकीला लागून एक, गुडघ्याएवढ्या खोल, आणि सगळ्या एकाच बिंदूकडे उतरणाऱ्या. पाण्याच्या रेषेवर पांढऱ्या केसांचा पट्टा साचलेला असतो. कॅरिबूचे केस पोकळ असल्याने ते तरंगतात आणि काठाला लागतात. एवढी खूण पुरते. नुनावूतमधल्या बेकर लेक गावाजवळ कझान नदीवरचा असा एक उतार आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तिथल्या इनुइट शिकाऱ्यांचे नियम आपल्या कोणत्याही अधिसूचनेपेक्षा जुने आणि नेमके आहेत. कळप ज्या काठावरून पाण्यात शिरतो त्या काठावर तळ ठोकायचा नाही. तिथे जनावर सोलायचं नाही, हाडं-आतडी टाकायची नाहीत. पहिली टोळी आली तर तिला जाऊ द्यायचं, कारण मागचे तिच्या मागोमाग येतात.

हे नियम कायद्यात येण्यामागे एक भांडण आहे. 1970 च्या दशकात बेकर लेकच्या भोवताली युरेनियमचा शोध जोरात होता. गावकऱ्यांनी ओरड केली, प्रकरण न्यायालयात गेलं. 1979 च्या निकालात त्या जमिनीवरचा इनुइटांचा शिकारीचा हक्क मान्य झाला, खाणकाम मात्र थांबलं नाही. तोपर्यंत केंद्र सरकारने 1978 मध्ये कॅरिबू संरक्षणाचे उपाय आणले होते. 15 मे ते 15 जुलै या काळात नकाशावरच्या संरक्षित भागात काम बंद, ठरवून दिलेल्या उतारांपासून 10 किलोमीटरच्या आत तळ किंवा सुरुंग नाही, 5 किलोमीटरच्या आत ड्रिलिंग नाही. माद्या आसपास नाहीत असं दिसलं तर काम चालू ठेवायची मुभाही होती. त्या काळासाठी हे फार पुढचं होतं. दोष दोन. नकाशा बदलत्या जन्मभूमीबरोबर बदलला नाही. आणि 16 जुलैला तिथे काय उभं राहील यावर बंधन नव्हतं. दोन महिने ड्रिल बंद ठेवता येतं. पण शोधातून खाण निघाली तर ती दोन महिने झाकून ठेवता येत नाही. जन्मभूमीत नुसता हंगामी नियम मला पुरेसा वाटत नाही, त्याचं कारण हेच.

कंपन्या आणि काही सरकारी विभाग हल्ली ‘फिरत्या संरक्षणा’वर भर देतात: कॉलर लावलेल्या माद्यांवर नजर ठेवायची, कळप अमुक अंतरावर आला की काम थांबवायचं, गेला की सुरू. स्थलांतराच्या रुंद पट्ट्यात, हिवाळी मुलखात, हे चांगलं साधन आहे. बेकर लेकच्या उत्तरेला सोन्याच्या खाणीकडे जाणारा रस्ता कळप आला की बंद ठेवतात, आणि ते बंद दिवस खाणीच्या हिशेबात खर्च म्हणून धरलेले असतात. शिकारीतही हीच पद्धत आहे: 2015 पासून बॅथर्स्ट कळपाच्या कॉलरवाल्या माद्यांभोवती शिकारबंदीचा पट्टा आखतात आणि कळपाबरोबर तो हलवत नेतात. पण कॉलर असतात काही डझन, जनावरं हजारो. ज्या टोळीत कॉलर नाही ती टोळी पडद्यावर दिसतच नाही. अट लिहिताना ‘कळप दिसल्यास’ असे शब्द आले की मी लगेच विचारतो: बघणार कोण, धुक्यात काय करायचं, थांबवायचा हुकूम कुणाचा, आणि त्या माणसाचा पगार कोण देतो? त्लिचोंनी 2016 पासून आपली माणसं स्वतःच कोंटवॉयटो तलावाच्या काठी पाठवायला सुरुवात केली. म्हातारे आणि तरुण मिळून आठवडेच्या आठवडे पायी हिंडून कळप, लांडगे, खाणीच्या आसपासची जमीन बघतात आणि लिहून ठेवतात. माझ्या दृष्टीने कुठल्याही उपग्रहापेक्षा हा मोठा सुधार आहे, कारण यात निरीक्षक कंपनीचा नोकर नाही.

रस्ता नेमकं काय करतो? चिरडतो असं लोकांना वाटतं. चिरडलेली जनावरं थोडी असतात. अलास्कातल्या रेड डॉग खाणीच्या रस्त्यावरचा अभ्यास बघा. कॉलर लावलेल्या माद्यांपैकी सुमारे 30 टक्के रस्त्यापाशी आल्यावर अडल्या. बाकीच्यांना ओलांडायला सरासरी तीन दिवस लागले, या अडलेल्यांना 33. पडद्यावर त्यांची रेघ रस्त्यापर्यंत सरळ येते, मग रस्त्याला समांतर जाते, वळते, परत येते. शरदात महिनाभर असं घुटमळणं म्हणजे चराईचा आणि वाटेचा महिना वाया. आणि हा एकटा रस्ता, वाहतूकही मोजकी. भराव उंच, कडेला मोठे धोंडे, त्यावर ट्रकची रांग, हे तिन्ही जमलं की समोरची मादी मान खाली घालून उभी राहते आणि तिच्या मागचे सगळे उभे राहतात. म्हणून भरावाला बारीक खडीचे उतरते काठ, ठरावीक अंतरावर सखल जागा, ट्रक एकेकटे न सोडता ताफ्याने सोडणं असे उपाय अटींमध्ये असतात. ते करावेतच. पण रस्ता चुकीच्या जागी असेल तर त्यांनी भागत नाही.

आता एकत्रित मर्यादेकडे येतो, कारण सगळ्यांत मोठं अपयश तिथेच आहे. बॅथर्स्ट कळप 1986 मध्ये सुमारे 4,70,000 होता, 2009 मध्ये 32,000, 2018 मध्ये 8,200 आणि 2021 मध्ये 6,240 च्या आसपास. याच काळात त्याच्या मुलखात हिऱ्यांच्या खाणी आल्या: एकाटी 1998 मध्ये, डायविक 2003 मध्ये, स्नॅप लेक 2008 मध्ये, गाचो क्वे 2016 मध्ये. आणि दर हिवाळ्यात गोठलेल्या तलावांवरून त्यांच्याकडे जाणारा रस्ता. प्रत्येक खाणीचा परिणाम अहवाल सुटा वाचला तर पटण्यासारखा आहे: एवढ्या अफाट मुलखात ही एवढीशी जागा. पण एकाटी-डायविकच्या आसपास कॅरिबू सुमारे 14 किलोमीटरपर्यंतचा भाग टाळतात असं संशोधकांना आढळलं. 14 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सहाशेहून जास्त चौरस किलोमीटर, प्रत्यक्ष खणलेल्या जागेच्या कितीतरी पट. अशी वर्तुळं एकमेकांना टेकू लागली की वाटेचा अडसर होतो, आणि सुट्या अहवालात हे येतच नाही.

कळप फक्त खाणींमुळे घटला असं मात्र मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणालं तर पुरावा मागा. कॅरिबूचे कळप दशकांच्या फेऱ्यांत वाढतात-घटतात हे तिथले म्हातारे पहिल्यापासून सांगत आले आहेत. शिकार होती, लांडगे आहेत, हवामान बदलतंय. ज्यांच्या मुलखात एकही मोठी खाण नव्हती असे कळपही घटले. आराखडा यातलं काही थांबवू शकत नाही. कळप तळाला असताना त्याच्या अंगावर आणखी भार न टाकणं आणि तो परत वाढेल तेव्हासाठी मुलूख मोकळा ठेवणं, एवढं त्याच्या आवाक्यात आहे.

2019 मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीज सरकारने बॅथर्स्ट मुलखाचा आराखडा आणला. त्यात मुलखाचे विभाग पाडून प्रत्येकात किती जमीन विस्कटली याच्या तीन पायऱ्या ठेवल्या: ठीक, सावध, गंभीर. पायरी बदलली की व्यवस्थापन कडक व्हायचं. कल्पना आणखी पश्चिमेच्या युकॉन प्रदेशात आधीच वापरात होती. उत्तर युकॉनच्या 2009 च्या आराखड्यात रस्ते-पायवाटांची घनता आणि विस्कटलेली जमीन यांच्या अशाच मर्यादा आहेत. फरक हा की बॅथर्स्टचा दस्तऐवज मार्गदर्शक आहे, त्यात कायद्याचं बंधन नाही. गंभीर पायरी ओलांडली तरी अर्ज आपोआप अडत नाही. मला विचाराल तर दात नसलेला आराखडा निरुपयोगी नसतो, निदान मोजमाप तरी सुरू होतं. पण त्याला संरक्षण म्हणू नये.

इथेच एक इशारा. दक्षिणेकडच्या जंगलातल्या कॅरिबूसाठी कॅनडाच्या 2012 च्या पुनरुज्जीवन धोरणात 65 टक्के अधिवास अविस्कळित हवा असा आकडा आहे, आणि त्याने कळप टिकण्याची शक्यता 60 टक्के धरली आहे. हा आकडा लोक सर्रास टुंड्रालाही लावतात. लावू नका. जंगलातलं गणित वेगळं आहे: झाडं तोडली की कोवळा पाला वाढतो, मूस (हरणाच्याच कुळातलं थोराड जनावर) आणि हरणं वाढतात, त्यांच्यावर लांडगे वाढतात, आणि तेल-वायूच्या शोधासाठी कापलेल्या सरळ पट्ट्यांवरून ते लांडगे कॅरिबूपर्यंत झपाट्याने पोचतात.

हद्दींचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. बॅथर्स्टचा कळप हिवाळा नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये काढतो आणि वितो नुनावूतमध्ये. 2019 चा आराखडा जन्मभूमीला हातच लावू शकत नाही. तिकडे ग्रेज बे इथल्या नियोजित बंदरापासून बंद पडलेल्या जेरिको खाणीपर्यंत सुमारे 230 किलोमीटरच्या रस्त्याचा प्रस्ताव आहे, आणि तो याच जन्मभूमीतून जातो. पॉर्क्युपाइन कळपाचं तसंच. कॅनडाच्या बाजूला इव्वाविक राष्ट्रीय उद्यान 1984 पासून आहे, 1987 मध्ये कॅनडा-अमेरिकेचा करारही झाला, पण माद्या बऱ्याचदा वितात ती अलास्काची किनारपट्टी 2017 च्या अमेरिकी कायद्याने तेलासाठी खुली झाली. आराखडा वाचताना पहिल्यांदा कळपाचा पूर्ण मुलूख बघा आणि त्यातला किती भाग आराखड्याच्या हद्दीबाहेर आहे ते मोजा.

आणि वेळ. नुनावूतचा आराखडा मसुद्यांमागून मसुदे होत, 2016 आणि 2021 च्या मसुद्यांवरून, 2023 च्या जूनमध्ये शिफारशीपर्यंत पोचला. त्याला केंद्र सरकार, नुनावूत सरकार आणि इनुइटांची करारसंस्था अशा तिघांचीही मान्यता लागते. जन्मभूमीत खाणकाम कायमचं बंद ठेवायचं की प्रत्येक प्रकरण वेगळं बघायचं, यावर खुद्द इनुइट संस्थांमध्ये मतभेद आहेत, आणि ते खोटे नाहीत. जिथे नोकऱ्याच कमी आहेत तिथे खाण म्हणजे पगार. ज्या गावात दुकानातलं मांस परवडत नाही तिथे कॅरिबू म्हणजे जेवण. एकाच घरात दोन्ही गरजा असतात. या वादात बाहेरून येऊन शहाणपण शिकवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. जगातले बहुतेक कच्चे हिरे पैलू पडायला सुरतेला येतात आणि मुंबईच्या बाजारातून फिरतात, तेव्हा या खाणींशी आपला संबंध नाही असं समजू नये.

मतभेद चालू असताना घड्याळ मात्र थांबत नाही. खनिजाचे दावे नोंदवले जात राहतात, आणि नंतर आलेला आराखडा जुन्या हक्कांना सहसा हात लावत नाही. रेषा शेवटी मारली जाते तेव्हा तिच्या आत भोकं पडलेली असतात. म्हणून आराखडा तयार होईपर्यंत संवेदनशील भागात नवे दावे थांबवणारी तात्पुरती बंदी मागायची, आणि ती पहिल्याच वर्षी मागायची. सरकारनेच प्रक्रिया मोडली तर न्यायालय आहे: पील खोऱ्यात युकॉन सरकारने आयोगाचा आराखडा बाजूला सारून स्वतःचा पुढे केला, तेव्हा 2017 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि 2019 च्या मंजूर आराखड्यात खोऱ्याचा 83 टक्के भाग संरक्षणाखाली आला.

वाचायला कुठून सुरुवात करावी, असंही तुम्ही विचारलंय. उत्तर युकॉनचा 2009 चा आधी घ्या. लहान आहे, मर्यादा स्पष्ट आहेत. मग बॅथर्स्टचा 2019 चा, म्हणजे बंधनकारक आणि मार्गदर्शक यांतला फरक समोरासमोर दिसेल. नुनावूतचा शेवटी. त्यातले रंगीत नकाशे बघत बसू नका, आधी प्रत्येक क्षेत्रात कोणते वापर निषिद्ध आहेत तो तक्ता उघडा आणि त्याखालची अपवादांची यादी वाचा. बारमाही रस्ता कोणत्या रकान्यात टाकलाय, ते पेन्सिलने खूण करून ठेवा.